हाती असलेली प्रत : विद्यार्थ्यांच्या लेखनातील संदर्भ

निबंध, प्रकल्प किंवा प्रबंधिका यांत दिलेल्या संदर्भाचे काम एकच असते : विद्यार्थ्याने जे वाचले, ते वाचणाऱ्यालाही त्याच पानावर सापडले पाहिजे. स्वल्पविराम कुठे द्यावा, वर्ष कंसात घालावे की शेवटी, पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत की अवतरणचिन्हांत, हे सारे नियम त्या एका कामासाठी आहेत. ते काम साधत नसेल तर नियम पाळूनही संदर्भ वाया जातो. ‘पहा : ज्ञानेश्वरी’ किंवा ‘राजवाडे म्हणतात त्याप्रमाणे’ एवढे लिहून मोकळे होणाऱ्या निबंधात संदर्भ दिल्याचा नुसता भास होतो, वाचणारा मात्र सुमारे नऊ हजार ओव्यांत किंवा बावीस खंडांत भटकत राहतो.

म्हणून संदर्भ लिहिताना पहिला प्रश्न पद्धतीचा नसतो, प्रतीचा असतो. वाचताना प्रत्यक्ष हातात कोणती आवृत्ती होती, तिचा संपादक कोण, साल कोणते, पान कितवे, हे ज्याने वाचतानाच टिपून ठेवले त्याला पुढचे काम कारकुनी आहे. ज्याने टिपले नाही त्याला कोणतीही पद्धत वाचवू शकत नाही.

टीप कशाला लागते

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर टीप लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी ती लागते, याचा मात्र अनेकदा विसर पडतो. आकडेवारी, नकाशा, तक्ता, छायाचित्र यांना लागते. एखाद्या समीक्षकाने कवितेचे जे टप्पे पाडले त्याच टप्प्यांनी निबंध रचला असेल तर त्या रचनेलाही लागते, भले आतले वाक्य न् वाक्य विद्यार्थ्याचे असो.

सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला टीप लागत नाही. शिवराज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, हे सांगायला कोणाचा आधार नको. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीची चर्चा करायची असेल तर हवा, कारण १६२७ आणि १६३० ही दोन्ही वर्षे जुन्या ग्रंथांत आढळतात आणि त्यांवर बराच काळ वाद झाला आहे. ‘सर्वज्ञात’ कशाला म्हणावे याची व्यवहारातली कसोटी अशी : कोणताही आधार न घेता विधान केले तर त्या विषयाचा जाणकार ‘हे कशावरून?’ असे विचारील का? विचारणार असेल तर टीप द्यावी. शंका असेल तरीही द्यावी. एखादी टीप जास्त झाल्याने फारसे बिघडत नाही.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे काय

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या बहुधा लबाडीने होत नाहीत. शाळेत ‘उताऱ्यातले वाक्य बदलून लिही’ अशी जी सवय लागते, तीच महाविद्यालयात चोरीच्या सदरात जाते. उदाहरण म्हणून रचलेले एक वाक्य पाहू. समजा, ग्रंथात असे आहे : ‘रेल्वे सुरू झाल्यावर घाटमाथ्यावरच्या बाजारपेठा मुंबईशी जोडल्या गेल्या आणि बैलांच्या तांड्यांवर जगणारे लमाण हळूहळू वाहतुकीतून बाहेर फेकले गेले.’ विद्यार्थी लिहितो : ‘रेल्वे आल्यानंतर घाटावरच्या पेठा मुंबईला जोडल्या गेल्या व बैलांच्या तांड्यांवर उदरनिर्वाह करणारे लमाण सावकाश वाहतुकीच्या धंद्यातून बाहेर पडले.’

या दुसऱ्या वाक्याखाली टीप नसेल तर तो सरळ अपहार झाला. टीप असली तरी ते चुकीचेच, कारण टीप फक्त विचार दुसऱ्याचा आहे असे सांगते, आणि इथे वाक्याचा सांगाडाही दुसऱ्याचा आहे. शिवाय शब्द बदलण्याच्या नादात अर्थ सरकला. ‘बाहेर फेकले गेले’ यात कोणीतरी ढकलल्याचा भाव होता. ‘बाहेर पडले’ म्हटल्यावर लमाण आपखुशीने निघून गेल्यासारखे झाले. मूळ लेखकाने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी गेले आणि वर त्याच्याच नावाची टीप लागली.

योग्य वाक्य पुस्तक मिटून लिहिले जाते. ‘लमाणांचा वाहतुकीचा धंदा बुडाला तो रेल्वेमुळे, असे अमुक लेखकाचे प्रतिपादन आहे; घाटातील पक्क्या रस्त्यांचा विचार त्यात आलेला नाही.’ येथे लेखकाचा विचार कुठे संपला आणि विद्यार्थ्याचा आक्षेप कुठे सुरू झाला हे वाक्यातच दिसते. परिच्छेदाच्या शेवटी एकच टीप टाकली की नेमकी ही सीमारेषा पुसली जाते, आणि सहा वाक्यांपैकी कोणती कोणाची हे परीक्षकाला ओळखता येत नाही. त्यापेक्षा लेखकाचे नाव विचाराच्या आरंभी वाक्यात घ्यावे आणि टीप विचार संपतो तिथे लावावी.

मूळ शब्दच महत्त्वाचे असतील तर अवतरण द्यावे आणि ते काटेकोर असावे. मूळ शुद्धलेखन बदलू नये. १९६२ च्या आधीच्या पुस्तकांत अनुस्वार सढळ असतात. अवतरणात ते तसेच राहू द्यावेत. मधला भाग गाळला तर तीन टिंबे द्यावीत, स्वतःचा शब्द घातला तर तो चौकोनी कंसात टाकावा. तीन-चार ओळींपेक्षा मोठे अवतरण वेगळा परिच्छेद करून समासापासून आत सरकवतात. त्याला मग अवतरणचिन्हे लागत नाहीत.

या सगळ्याची तयारी टिपणवहीतच होते. वहीत उतरवलेला मजकूर मूळ शब्दांत आहे, सारांश आहे, की वाचताना मनात आलेला स्वतःचा विचार आहे, हे तिथेच वेगळे दाखवलेले हवे : मूळ शब्दांना मोठी अवतरणचिन्हे, स्वतःच्या विचाराला वेगळी शाई किंवा समासात ‘मा. मत’. पान क्रमांक मजकुराच्या आधी लिहावा. नंतर लिहू म्हटले की तो राहतो. चार महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे हे स्मरणावर ठरवावे लागले, की अनवधानाने वाङ्मयचौर्य घडण्याची वाट मोकळी होते.

तळटीप की कंस

पद्धती ढोबळमानाने दोन आहेत. एकीत मजकुरात आकडा येतो आणि तपशील पानाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या शेवटी. इतिहास, मराठी साहित्य, तत्त्वज्ञान यांत हीच रुळलेली आहे. दुसरीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पान येते आणि पूर्ण तपशील शेवटच्या सूचीत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य यांत ती चालते. एपीए ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची नियमावली दुसऱ्या प्रकारची; तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. एमएलए ही भाषा-साहित्यवाल्यांची, नववी आवृत्ती २०२१ ची. तिच्या कंसात वर्ष नसते, फक्त नाव आणि पान. शिकागोची नियमावली १९०६ पासून चालू आहे आणि ती दोन्ही मार्ग खुले ठेवते.

यांपैकी कोणती चांगली, हा वाद फारसा कामाचा नाही. विभागाने किंवा मार्गदर्शकाने जी सांगितली ती घ्यावी आणि पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत तीच चालवावी. मराठीसाठी या नियमावल्या तयार केलेल्या नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी स्वतःचा निर्णय घ्यावाच लागतो. तो एकदा घेऊन एका कागदावर लिहून ठेवावा.

तळटिपांच्या पद्धतीत ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ ही जुनी संक्षिप्त रूपे अजून प्रबंधांत दिसतात. लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ असेल तर तत्रैव, आधी कुठेतरी येऊन गेला असेल तर उपरिनिर्दिष्ट. हाताने लिहिण्याच्या काळात यांनी श्रम वाचवले. संगणकावर ती घातक ठरतात : मसुदा सुधारताना मध्ये एक नवी टीप घुसली की तिच्या खालचे ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते, आणि हे मुद्रितशोधनातही लक्षात येत नाही. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीने, म्हणजे २०१७ पासून, या जातीच्या संक्षेपापेक्षा लेखकाचे आडनाव आणि छोटे शीर्षक द्यावे असा सल्ला दिला आहे. मराठीतही तोच मार्ग बरा.

पुस्तकाची नोंद

नोंद मुखपृष्ठावरून करू नये. आतले शीर्षकपृष्ठ आणि त्याचे मागचे पान यांवरून करावी. या मागच्या पानावर मराठी पुस्तकांत बरीच नावे दाटीने छापलेली असतात : प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी करणारा, हक्कधारक. त्यांतून प्रकाशकाचे नाव आणि गाव घ्यायचे असते. मुद्रणालयाचे नाव प्रकाशक म्हणून देणे ही विद्यार्थ्यांच्या सूचीतली नेहमीची चूक आहे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक करावा. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा नसतो.

पान क्रमांक हा आवृत्तीला बांधलेला असतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली आणि पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडून निघत राहिली. दोन प्रकाशनांच्या प्रतींतली पाने जुळतील असे धरून चालता येत नाही. एका समीक्षकाच्या लेखातून उचललेला पान क्रमांक आणि ग्रंथालयातल्या प्रतीचे वर्ष यांची सांगड घातलेली नोंद दिसायला निर्दोष असते आणि वाचणाऱ्याला कुठेच पोहोचवत नाही.

जुन्या पुस्तकांवर साल ‘गुढीपाडवा, शके अमुक’ किंवा नुसते ‘विजयादशमी’ असेही छापलेले सापडते. शकाचे इसवी सन करून कंसात द्यावे. साल मुळीच नसेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. तिचे दोन भाग मिळून १८०० ते १९५० पर्यंतची छापील मराठी पुस्तके नोंदवतात. तिथूनही कळले नाही तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असे लिहावे. अंदाजाने घातलेले वर्ष त्याहून वाईट.

नावे आणि अकारविल्हे

इंग्रजी नियमावल्यांत आडनाव आधी येते. मराठीत ‘ढेरे, रा. चिं.’ असे उलटे लिहायला हरकत नाही, पण मजकुरात ‘रा. चिं. ढेरे म्हणतात’ असेच यावे. डॉक्टर, प्राध्यापक, महात्मा, लोकमान्य या उपाध्या नोंदीत गाळतात : ‘फुले, जोतीराव’, ‘टिळक, बाळ गंगाधर’. यात अनादर नाही, आणि मजकुरातले आदरार्थी क्रियापद तसेच राहते. संतांना आडनावाखाली शोधू नये. ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम हीच त्यांची सूचीतली नावे.

टोपणनावांची मराठीत रेलचेल आहे. विष्णु वामन शिरवाडकर कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने छापत आणि नाटके स्वतःच्या नावाने; राम गणेश गडकरी कवितेपुरते ‘गोविंदाग्रज’ होते; मालतीबाई बेडेकर यांचे कथालेखन ‘विभावरी शिरूरकर’ या नावाखाली आले. पुस्तकावर जे नाव छापले आहे ते नोंदीत घ्यावे आणि हवे तर मूळ नाव चौकोनी कंसात द्यावे. एकाच लेखकाची पुस्तके दोन नावांखाली आली तर दुसऱ्या ठिकाणी ‘पहा’ असा निर्देश करावा.

अकारविल्हे लावताना संगणकावर डोळे झाकून विसंबू नये. तो सहसा ज्ञ ला ज च्या पोटात आणि क्ष ला क च्या पोटात घालतो. मराठी वर्णमालेत ही अक्षरे शेवटी, ळ नंतर येतात. कोणताही क्रम चालेल, पण ज्ञानेश्वर एकदा एका जागी आणि ज्ञानकोश दुसऱ्या जागी असे होऊ नये. इंग्रजी पुस्तकांची सूची वेगळी करण्याची प्रथा आहे, आणि दोन लिप्या एकत्र मिसळण्यापेक्षा ती सोयीची आहे.

संतवाङ्मय

पान क्रमांकाची मातब्बरी इथे संपते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय आणि ओवी यांनी द्यायचा, गीतेचा अध्याय आणि श्लोक यांनी. तरीही प्रत सांगावीच लागते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधली, एकनाथांनी पाठशुद्धी केली ती शके १५०६ मध्ये. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली छापलेली प्रत आणि वारकरी परंपरेतली साखरे प्रत यांत पाठभेद आहेत, आणि ओव्यांचे क्रमांकही सर्व प्रतींत एकच नाहीत. एका प्रतीचा पाठ आणि दुसरीचा क्रमांक असे मिश्रण झाले तर संदर्भ खोटा ठरतो. एका प्रकरणात एकच प्रत वापरावी, पहिल्या टिपेत ‘यापुढील सर्व ओव्या अमुक प्रतीनुसार’ असे सांगून टाकावे, आणि मग मजकुरातच अध्याय-ओवी द्यावी.

तुकारामांच्या गाथेत गोंधळ आणखी मोठा. महाराष्ट्रात देहूची, पंढरीची, शासकीय अशा अनेक गाथा चालतात आणि त्यांत अभंगांची संख्या, क्रम आणि काही ठिकाणी पाठही वेगळे आहेत. नुसता ‘अभंग क्र.’ देण्याला म्हणूनच अर्थ नाही. गाथेचे नाव, क्रमांक आणि अभंगाचे पहिले चरण अशा तीन खुणा दिल्या की कोणत्याही प्रतीतून अभंग हाती लागतो. कीर्तनात ऐकलेला किंवा भ्रमणध्वनीवर आलेला अभंग गाथेत सापडेपर्यंत तुकारामांच्या नावावर घालू नये. ‘तुका म्हणे’ एवढ्या मुद्रेवर विसंबून खपवलेल्या ओळी पुष्कळ फिरत असतात.

पत्रे, दप्तरे आणि तारखा

इतिहासाच्या छापील साधनांत पानापेक्षा लेखांक महत्त्वाचा. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात आले. दोन्हींत खंड, लेखांक, पत्राची तारीख आणि कोणी कोणास लिहिले एवढे दिले तर टीप पुरी होते. अप्रकाशित मोडी कागद असेल तर पुराभिलेखागाराचे नाव, दप्तराचे नाव आणि रुमाल क्रमांक द्यावा. वाचन दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर तेही सांगावे.

मूळ तारीख आधी आणि इंग्रजी तारीख चौकोनी कंसात, असा क्रम ठेवावा. शकाचे इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवतात, त्यापुढे फाल्गुन संपेपर्यंत ७९. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठातला, म्हणून १६७४. शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला धरला की तो १६३० येतो, १६२९ नव्हे. पेशवाईच्या कागदांवरील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. रूपांतर स्वतः केले की छापील जंत्रीवरून घेतले, याचा उल्लेख टिपेत असावा, कारण एका वर्षाचा फरक इथेच शिरतो.

समग्र वाङ्मय, भाषांतरे आणि उसना आधार

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. आजचा विद्यार्थी ती वाचतो समग्र वाङ्मयात. त्या ग्रंथाची १९६९ ची आवृत्ती धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केली, पुढे य. दि. फडके यांच्या संपादनाखालीही आवृत्ती आली. तेव्हा नोंद अशी होते : फुले, जोतीराव, ‘गुलामगिरी’ (१८७३), महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे, मुंबई : महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, १९६९, आणि मग पाने. लेखक-वर्ष पद्धतीत ‘फुले १८७३/१९६९’. नुसते ‘फुले १९६९’ लिहिले की फुले भाऊ पाध्यांचे समकालीन वाटू लागतात.

डॉ. आंबेडकरांचे जातिप्रथेवरचे, प्रत्यक्षात कधी न झालेले भाषण १९३६ मध्ये त्यांनी स्वतः इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने छापले. मराठीत त्याची वेगवेगळी भाषांतरे आहेत, म्हणून अनुवादकाचे नाव गाळून चालत नाही. विद्यार्थ्याने इंग्रजीवरून स्वतः मराठी केले असेल तर टिपेत ‘भाषांतर प्रस्तुत लेखकाचे’ असे येते. उलटी चूकही होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे, त्याचा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांनी केला. इंग्रजी समीक्षेत त्यातला उतारा वाचून तो पुन्हा मराठीत उतरवणे म्हणजे मूळ मराठी लेखकाच्या तोंडी आपली भाषा घालणे. तिथे मूळ पुस्तक उघडण्याला पर्याय नाही.

एका पुस्तकात उद्धृत केलेले दुसरे पुस्तक स्वतः वाचलेले नसेल तर तसे कबूल करावे : ‘राजवाडे, उद्धृत, अमुक ग्रंथ, पृष्ठ’. सूचीत फक्त वाचलेला ग्रंथ जातो. मूळ ग्रंथाचे नाव टिपेत टाकून मधला ग्रंथ लपवणे सोपे असते, आणि पकडले जाणेही सोपे असते; मधल्या लेखकाची मुद्रणाची चूक तशीच उतरलेली असते.

नियतकालिके, कोश आणि माणसे

मासिकातल्या लेखासाठी लेखक, लेखाचे नाव, मासिक, महिना-वर्ष आणि पाने. दिवाळी अंक असेल तर ‘दिवाळी’ आणि वर्ष. लेख पुढे पुस्तकात आला असेल तर वाचला तिथून घ्यावा आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष जोडावे. जुन्या वर्तमानपत्रांतले अग्रलेख बिननावाचे असतात, तिथे जपून. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा संपादक गोपाळ गणेश आगरकर होते आणि १८८७ पर्यंत ते त्या जागी राहिले. त्या वर्षांतला प्रत्येक अग्रलेख टिळकांच्या नावावर टाकणे चूक आहे. नोंद वर्तमानपत्राच्या नावाने करावी आणि लेखक अमुक असे मानण्याचा आधार वेगळा सांगावा.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे ‘विश्वकोशात म्हटले आहे’ असे न लिहिता त्या व्यक्तीच्या नावाने, नोंदीचे शीर्षक आणि खंड देऊन संदर्भ द्यावा. प्रबंधाचा संदर्भ देताना ‘अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध’, विद्यापीठ आणि वर्ष. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा भांडारात तो असेल तर दुवाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासात स्रोत माणूस असतो. जात्यावरची ओवी कोणाकडून, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला ऐकली हे टिपेत यावे आणि नाव छापायला त्या बाईची संमती घेतलेली असावी. संमती नसेल तर गाव आणि वयोगट पुरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गोळा केलेल्या जात्यावरील ओव्यांचा मोठा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. तिथली ओवी घेताना गाणारणीचे नावही घ्यावे. ‘लोकगीत’ असे मोघम लिहिले की जिने गायले तीच गळून जाते.

पडद्यावरचे साहित्य

संकेतस्थळासाठी लेखक, मजकुराचे शीर्षक, स्थळाचे नाव, तारीख, पूर्ण दुवा आणि पाहिल्याची तारीख. शोधयंत्राचे नाव हा संदर्भ नव्हे, जसे ग्रंथालयाच्या कपाटाचे नाव हा संदर्भ नव्हे. डीओआय क्रमांक असेल तर तोच द्यावा. दुवे मरतात, तो टिकतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात फाइलचे पान आणि छापील पान वेगळे असतात. द्यायचे ते छापील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरील अठरावा खंड १८८५ चा, तीन भागांत. त्याचा मजकूर नव्याने टंकित करून महाजालावर ठेवलेलाही मिळतो, पण अशा रूपात मूळ पाने हरवतात आणि आकड्यांत चुका शिरू शकतात. शोधायला टंकित रूप वापरावे, टीप मात्र स्कॅनवरून द्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादसाधनांकडून संदर्भसूची मागू नये. लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तक कधीच न निघालेले, अशा नोंदी ती साधने अगदी व्यवस्थित विरामचिन्हांसह तयार करतात. मराठी पुस्तकांबाबत हा धोका अधिक, कारण पडताळून पाहायला महाजालावर सामग्री कमी. साधन वापरायला विभागाची परवानगी असेल तर कशासाठी वापरले ते स्पष्ट नोंदवावे. ज्या पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ विद्यार्थ्याने पाहिलेले नाही, ते सूचीत येऊ नये.

टक्केवारी आणि शेवटची तपासणी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंध-प्रबंधिकांतील साम्याचे स्तर ठरवले आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य यांतून वगळलेले आहे. म्हणजे अवतरणे कमी केल्याने टक्का उतरेल ही समजूत चुकीची आहे. ती नीट चिन्हांकित हवीत.

टक्का कमी आला म्हणजे लेखन निर्दोष, असेही नाही. इंग्रजीतून मराठीत उतरवलेली पाने यंत्राला सहजी सापडत नाहीत. मार्गदर्शकाला सापडतात, कारण त्यांतली वाक्ये मराठीत बसत नाहीत.

सादर करण्यापूर्वी दोन दिवस संदर्भांसाठी राखून ठेवावेत. आधी मजकुरातली प्रत्येक टीप सूचीशी आणि सूचीतली प्रत्येक नोंद टिपांशी ताडावी. जी नोंद एकाही टिपेत नाही ती ‘पूरक वाचन’ या शीर्षकाखाली न्यावी किंवा काढून टाकावी. मग दहाबारा टिपा मनाला येतील तशा निवडून पुस्तके पुन्हा उघडावीत आणि अवतरण अक्षरशः जुळते का, पान तेच आहे का, हे पाहावे. त्यांत दोन चुका निघाल्या तर उरलेल्या सगळ्या टिपा तपासाव्या लागतात. हे काम ग्रंथालयातल्या प्रती परत करण्याच्या आधी करायचे असते.